स्टार्टरच्या पेटीवरचे दोन काटे

तासगावच्या आसपास कुठल्याही द्राक्षबागेत गेलात, तर विहिरीच्या किंवा बोअरच्या कडेला पत्र्याची एक पेटी दिसेल. तिच्या दारावर लाल, पिवळा आणि निळा असे तीन दिवे असतात आणि त्यांच्याखाली दोन गोल मीटर. एक व्होल्ट दाखवतो, दुसरा अँपिअर. लाईट आली की माणूस दिव्यांकडे बघतो, तिन्ही लागलेत याची खात्री करतो, हिरवं बटण दाबतो आणि पाण्याकडे वळतो. मीटरच्या काट्यांकडे बघणारे फार थोडे. कितीतरी पेट्यांमधला अँपिअरचा मीटर बंद पडलेला असतो आणि तो बंद आहे हे मालकाच्या गावीही नसतं.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते सुरू केलं. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेला, त्यामुळे लग्नानंतर हळूहळू दुकानाचं काम माझ्या हातात आलं. जळालेल्या वाइंडिंगचा वास एकदा नाकात बसला की दारात टेम्पो थांबला तरी आत काय आहे ते समजतं. मोटार उतरवून घेताना मी मालकाला पहिल्यांदा विचारते, "भाऊ, अँपिअर किती दाखवत होता?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "लाईट तर फुल होती की, वहिनी!" लाईट फुल असणं म्हणजे व्होल्टेज पुरेसं असणं. मी विचारलेलं त्याहून वेगळं असतं. व्होल्ट आणि अँपिअर यांतला एकच आकडा ठाऊक असेल तर मोटारीच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही. दोन्ही ठाऊक असतील तर मोटार न उघडताही बरंच कळतं. त्यासाठी एक भागाकार आणि एक गुणाकार यायला हवा, तो शाळेत गेलेल्या प्रत्येकाला येतो.

आधी शेतातून घरात येऊ, कारण हे गणित गिझरवर सगळ्यात सोपं दिसतं. गिझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं लिहिलेलं असतं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. म्हणून २००० ला २३० ने भागलं की ८.७ अँपिअर येतात. एवढा करंट त्या गिझरमधून वाहतो, म्हणूनच त्याला मोठा, १६ अँपिअरचा प्लग लागतो आणि सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर तो लावायचा नसतो. आता व्होल्टना अँपिअरने भागा. २३० भागिले ८.७ म्हणजे सुमारे २६.४. हा झाला गिझरच्या कॉइलचा रोध, ओहममध्ये. प्लग काढून, गिझर पूर्ण सुटा करून, वायरमनने कॉइलच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला तर पडद्यावर याच्याच जवळपासचा आकडा येतो. कागदावरचा भागाकार आणि मीटर एकमेकांशी जुळतात, हे शिकाऊ पोरांना पहिल्यांदा दाखवताना मला अजूनही आनंद होतो.

पाटीवरचे २००० वॅट मात्र २३० व्होल्ट मिळाले तरच खरे. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्याकडे १९० व्होल्ट येतात असं समजू. कॉइलचा रोध काही बदलत नाही, कारण ती निक्रोमची असते आणि निक्रोमचा रोध तापल्यावर फारच थोडा वाढतो. मग करंट होतो १९० भागिले २६.४, म्हणजे ७.२ अँपिअर. आणि वॅट होतात १९० गुणिले ७.२, म्हणजे साधारण १३६५. व्होल्टेज सहाव्या हिश्श्यापेक्षा थोडं जास्त घटलं, पण गिझरची ताकद जवळजवळ एक तृतीयांश गेली. याचं कारण असं की व्होल्ट कमी झाले की अँपिअरही कमी होतात, आणि ताकद ही दोघांचा गुणाकार असल्यामुळे घट दोनदा बसते. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला पूर्ण व्होल्टेजवर सोळा मिनिटं लागतात, तर १९० व्होल्टवर तेवीस. वीज मात्र दोन्ही वेळा साधारण अर्धा युनिटच जळते. कमी व्होल्टेजला गिझर लावला तर बिल वाढतं असं अनेक घरांत मानतात, ते खरं नाही. वेळ वाढतो, एवढंच.

निक्रोमसारखं सगळंच सरळ वागत नाही. माझ्या दुकानात टेस्टिंगच्या बोर्डावर १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावलेला आहे. पाटीवरून हिशेब केला तर त्याचा रोध ५२९ ओहम निघतो. थंड बल्बला मीटर लावला की चाळीसच्या आसपास दाखवतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. आतली टंगस्टनची तार पांढरीशुभ्र होईपर्यंत तापते तेव्हा तिचा रोध बारा-तेरा पट होतो. म्हणून रोध सांगताना कुठल्या अवस्थेतला ते सांगावं लागतं. एलईडीच्या बाबतीत तर एका रोधाची भाषाच चालत नाही, व्होल्ट थोडे वाढले की करंट एकदम उसळतो. भागाकार तिथेही करता येतो, पण त्याचं उत्तर त्या क्षणापुरतंच.

धातूच्या तारेचं तापमान कायम ठेवलं तर व्होल्ट भागिले अँपिअर हे उत्तर कायम राहतं, हे शोधायला एका शिक्षकाने किती खटपट केली ते शाळेच्या पुस्तकात येत नाही. गेऑर्ग झिमोन ओहम हा जर्मनीतल्या एर्लांगेन गावच्या कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता तो तारांवर प्रयोग करत होता. त्याला छळणारी अडचण आमच्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीची आहे: व्होल्टेज स्थिर राहत नव्हतं. त्या काळच्या बॅटऱ्या जोडल्या की लगेच उतरायच्या, मग तार बदलल्याने करंट कमी झाला की बॅटरी बसल्याने, हे कळायला मार्ग नव्हता. १८२६ मध्ये त्याने बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ व तांबं यांचा सांधा वापरला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. उकळतं पाणी आणि बर्फ दोन्ही आपापलं तापमान सोडत नाहीत, म्हणून वीजही एकसारखी मिळाली. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून त्याने करंट मोजला आणि नियम हाती आला. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्याच्या देशात त्याला नीट मान मिळायला बराच काळ जावा लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोप्ली पदक दिलं.

त्याच सुमारास इंग्लंडमधल्या सॅल्फर्डच्या एका बिअर उत्पादकाचा मुलगा, जेम्स जूल, तारेचं वेटोळं पाण्यात बुडवून पाणी किती तापतं ते थर्मामीटरने बघत होता. १८४० मध्ये त्याला दिसलं की तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. ओहमच्या नियमातून हे सहज निघतं: वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, आणि व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम, म्हणून वॅट म्हणजे अँपिअर गुणिले अँपिअर गुणिले ओहम. माझ्या दुकानात येणारी बहुतेक मोटार या एका वाक्यामुळे येते.

आता पाच हॉर्सपॉवरची सबमर्सिबल घ्या. तीन फेज, ४१५ व्होल्ट, पूर्ण भारावर करंट साधारण साडेआठ अँपिअर. तिच्या वाइंडिंगचा रोध मोजला तर दोन फेजमध्ये चार-पाच ओहम येतो असं धरू. शिकाऊ मुलगा लगेच भागाकार करतो, ४१५ भागिले चार, म्हणजे शंभराच्या वर अँपिअर! मग मोटार साडेआठच का घेते? गिझरच्या कॉइलमध्ये विजेला अडवणारी गोष्ट एकच, रोध. मोटारीत चुंबकत्वाचाही अडथळा असतो. फिरणाऱ्या मोटारीत वाइंडिंगमध्ये उलट दिशेचं व्होल्टेज तयार होतं आणि ते येणाऱ्या व्होल्टेजला थोपवून धरतं. मोटार फिरते आहे तोवर हा बांध आहे. बेरिंग अडकलं, पंपात वाळू बसली, मोटार जागच्या जागी थांबली, की तो बांध फुटतो आणि करंट पाच-सहा पट होतो. पाचपट करंट म्हणजे वाइंडिंगमध्ये पंचवीसपट उष्णता. मोटार थांबलेली आणि बटण दाबलेलं, या स्थितीत ओव्हरलोड रिलेने लाईन तोडली नाही तर तांब्याच्या तारेवरचं आवरण बघता बघता वितळतं. रिले सारखा पडतो म्हणून त्याचा स्क्रू वरच्या आकड्यावर फिरवून ठेवणारे लोक मी पाहते तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. तो रिले अँपिअर मोजून मोटार वाचवत असतो.

मोटारीच्या वॅटचा हिशेबही थोडा वेगळा. तीन फेजला व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले १.७३२ केलं तर ४१५ आणि साडेआठचे सहा हजार शंभर होतात. पण मोटारीत करंट व्होल्टेजच्या थोडा मागून चालतो, त्यामुळे हा सगळा गुणाकार कामाचा ठरत नाही. त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. तो ०.८ धरला तर उरतात सुमारे ४९०० वॅट, म्हणजे तासाला जवळजवळ पाच युनिट. एक हॉर्सपॉवर ७४६ वॅटचा, म्हणून पाटीवरचे पाच हॉर्सपॉवर ३७३० वॅटच होतात. ते मोटारीने शाफ्टवर द्यायचं काम. घेतलेले ४९०० आणि दिलेले ३७३० यांच्यामधला फरक मोटारीतच मुरतो, आणि त्याचा मोठा भाग वाइंडिंग तापवण्यात जातो.

कमी व्होल्टेजला गिझर मंद होतो हे वर पाहिलं. मोटार बरोबर उलटं वागते, आणि ही गोष्ट लोकांना पटवताना माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. पंपाला पाणी तेवढंच, तेवढ्याच उंचीवर ढकलायचं असतं. व्होल्ट कमी मिळाले तर मोटार तेच काम करायला अँपिअर जास्त ओढते. ४१५ चे ३५० व्होल्ट झाले की साडेआठचे दहा अँपिअर होतात. काटा दीड अँपिअर पुढे गेला, त्यात काय, असं बघणाऱ्याला वाटतं. पण दहाचा वर्ग शंभर आणि साडेआठचा बहात्तर. वाइंडिंगमधली उष्णता चाळीस टक्क्यांनी वाढली. आवरणाचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येतं, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. ज्या शेतकऱ्याने व्होल्टेज कमी आहे हे पाहिलं पण अँपिअर पाहिला नाही, त्याच्या मोटारीचं आयुष्य असं त्याच्या नकळत संपत जातं. डीपीवर भार जास्त असतो तेव्हा, म्हणजे सगळ्यांच्या मोटारी एकाच पाळीत सुरू होतात तेव्हा, हे हमखास घडतं.

एक फेज गेला तर प्रकरण आणखी वाईट. चालू मोटार तशीच दोन फेजवर फिरत राहते आणि त्या दोन तारांतला करंट साधारण पावणेदोन पट होतो. १.७३ चा वर्ग तीन. तिप्पट उष्णता, आणि वरून पाणी मात्र येत असतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. अशी मोटार खोलली की वाइंडिंगचा काही भाग काळा कोळसा आणि उरलेला तांबूस, स्वच्छ दिसतो. तो नमुना बघितला की मालकाने काही सांगायची गरज राहत नाही.

हे झालं मोटारीच्या आतलं. नुकसान करणारा रोध पुष्कळदा मोटारीच्या बाहेर असतो. गेल्या उन्हाळ्यात एक बागायतदार घरगुती एक हॉर्सपॉवरचा पंप घेऊन आले. "वहिनी, मोटार नुसती गुंगतीया, उचलत न्हाई. कपॅसिटर बी बदलून बघितला." दुकानात लावली तर मोटार पहिल्या झटक्यात फिरली. मी विचारलं, विहीर घरापासून किती लांब? दीडशे मीटर. वायर कुठली? दीड एमएम, तांब्याची, चांगल्या कंपनीची. वायर चांगलीच होती. पण दीडशे मीटर जायचे आणि दीडशे यायचे, अशी तीनशे मीटर तार झाली. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या शंभर मीटर तारेचा रोध १.७२ ओहम असतो. दीड एमएमला तो १.१५, आणि तीनशे मीटरला जवळजवळ साडेतीन ओहम. सात अँपिअर चालू करंटला २४ व्होल्ट तारेतच संपले. २४ गुणिले सात, १६८ वॅट, पाचशे फुटांवर वाया. सुरू होताना तर एक फेजची मोटार चार-पाच पट करंट मागते. त्या क्षणी सत्तर-ऐंशी व्होल्ट तारेत जातात आणि मोटारीला दीडशेच मिळतात. मोटारीची सुरुवातीची पिळण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, ती निम्म्याच्याही खाली येते. मग मोटार गुंगणारच. ठिबकची उपनळी फार लांब ओढली की शेवटच्या झाडाला थेंबही पडत नाही, टाकी भरलेली असली तरी. तसंच हे. मी त्यांना चार एमएमची वायर टाकायला सांगितली. तिचा रोध तेवढ्याच अंतराला १.२९ ओहम, घट नऊ व्होल्टची. मोटार दुसऱ्या दिवशी त्यांच्या विहिरीवर फिरली, आणि दुकानात मी तिचा एक स्क्रूही काढलेला नव्हता.

वायरपेक्षाही मला जास्त काळजी जॉइंटची वाटते. स्टार्टरचा जळका कॉन्टॅक्ट, टर्मिनलवर सैल राहिलेला नट, नुसती पिळून टेप मारलेली तार. अशा जागेचा रोध मल्टिमीटरने सरळ मोजता येत नाही, कारण तो ओहमचाही छोटा हिस्सा असतो, आणि मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी पडद्यावर ०.२-०.३ ओहम दिसतात. मोजायच्या वस्तूएवढा रोध मोजणाऱ्या वायरीतच. इथे ओहमचा भागाकार फार उपयोगी पडतो. मोटार चालू असताना त्या जॉइंटच्या अलीकडे आणि पलीकडे मीटर व्होल्टवर लावायचा. चांगल्या जॉइंटवर जवळजवळ शून्य दिसतं. खराब जॉइंटवर समजा अडीच व्होल्ट दिसले. टाँग टेस्टर तारेभोवती धरला, साडेआठ अँपिअर दिसले. भागाकार केला, ०.३ ओहम. गुणाकार केला, २१ वॅट. सोल्डर वितळवणारा छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. त्याच्याजवळ जाणारी उष्णता त्या एका नटाखाली सतत तयार होते आहे. उष्णतेने तांबं काळं पडतं, काळ्या थराने रोध वाढतो, रोधाने उष्णता वाढते. पेटीच्या आतला बेकलाइट तडकेपर्यंत हे चक्र थांबत नाही. (हे मोजणं चालू लाईनवरचं आहे. ते परवानाधारक वायरमननेच करायचं, रबरी हातमोजे घालून.)

घरातली गोष्टही हीच. सॉकेटमध्ये ०.३ ओहमचा सैलपणा असेल आणि त्यावर ०.३ अँपिअरचा पंखा असेल, तर तिथे वॅटचा तिसावा भागही तापत नाही. त्याच सॉकेटवर ८.७ अँपिअरचा गिझर किंवा हीटर लावला की तिथेच २२-२३ वॅट तापतात आणि प्लगची पिन पिवळी पडते. "इतकी वर्षं काही झालं नाही, आजच कसं वितळलं?" असं विचारणाऱ्या वहिनींना मी हाच हिशेब कागदावर करून दाखवते. सॉकेट तेच असतं, अँपिअर बदललेले असतात, आणि ते वर्गाने मोजायचे असतात.

माझ्या स्वतःच्या धंद्याबद्दलही बोलायला हवं. रिवाइंडिंगला तांबं किलोवर लागतं आणि ते महाग आहे. जिथे वीस गेजची तार होती तिथे एकवीस गेजची भरली तर तांबं वाचतं, स्लॉटमध्ये तार सहज बसते, काम लवकर होतं आणि गिऱ्हाइकाला स्वस्त पडतं. वीस गेजची तार ०.९१४ मिलिमीटर जाडीची, एकवीसची ०.८१३. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण तारेचं क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाने घटतं, म्हणून रोध २६ टक्क्यांनी वाढतो. करंट तोच राहिला तरी वाइंडिंगमध्ये २६ टक्के जास्त उष्णता, प्रत्येक तासाला, मोटार जळेपर्यंत. वाइंडिंग भरून झाल्यावर तिन्ही फेजचा रोध मोजून तो गिऱ्हाइकाला लिहून द्यावा, असं माझं ठाम मत आहे. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक वेगळा आला तर कुठेतरी वेढे कमी-जास्त पडलेत किंवा आत दोन वेढे चिकटलेत. जुनी मोटार उघडण्याआधीचा आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी लिहिला, तर गेज बदलली का हेही लपत नाही.

तांब्याचा आणखी एक गुण मला फार आवडतो. त्याचा रोध तापमानाबरोबर ठरलेल्या मापाने वाढतो, अंशाला साधारण ०.४ टक्के. म्हणून वाइंडिंगच स्वतःचा थर्मामीटर होतं. जमिनीवरची मोनोब्लॉक सकाळी थंड असताना, २५ अंशांना, मोजली आणि चार ओहम आले. दोन-तीन तास चालवून बंद केली, लाईन तोडली आणि लगेच पुन्हा मोजली तर ४.८ आले. वीस टक्के वाढ, म्हणजे आतलं तांबं पन्नास-बावन्न अंशांनी तापलं, सत्तरीच्या पुढे गेलं. बाहेरून बॉडीला हात लावून हे कळत नाही, बॉडी त्यापेक्षा बरीच थंड असते.

एक भागाकार असाही आहे जो मी पोरांना पहिल्याच दिवशी करायला लावते. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा रोध २३० व्होल्टला दीड हजार ओहमच्या आसपास धरावा. २३० भागिले १५००, म्हणजे ०.१५ अँपिअर, १५० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला यापेक्षा कमीही पुरतो. आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला एवढासा करंट जाणवतच नाही, तो पडणार नाही. एमसीबी तार वाचवतो. माणूस वाचवायला ३० मिलिअँपिअरला लाईन तोडणारा आरसीसीबी लागतो आणि मोटारीच्या बॉडीला नीट अर्थिंग लागतं. बागेत चिखलात अनवाणी उभं राहून पेटी उघडणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आणि पेटीत तो असावा, खर्च झाला तरी.

सबमर्सिबल सोडताना मी आता प्रत्येकाला ऑइल पेंटने पेटीच्या दारावर आतून दोन आकडे लिहायला लावते. त्या दिवशीचे व्होल्ट आणि पूर्ण पाणी येत असतानाचे अँपिअर. ४१०, ८.४ असं काहीतरी. पुढे कधीही दार उघडलं की काट्यांकडे बघायचं आणि या आकड्यांशी ताडायचं. व्होल्ट कमी आणि अँपिअर जास्त असले तर मोटार बंद ठेवून व्होल्टेज वाढायची वाट बघावी. व्होल्ट ठीक पण अँपिअर जास्त असले तर मोटार कुठेतरी अडते आहे, बेरिंग किंवा पंप बघायला हवा. तिन्ही तारांना टाँग टेस्टर लावला आणि आकडे एकमेकांपासून लांब असले तर फेजमध्ये किंवा जॉइंटमध्ये गडबड आहे.

काटा खाली जातो तेव्हाही तो काहीतरी सांगत असतो. मार्च-एप्रिलमध्ये बोअरचं पाणी उतरतं, पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो, काम कमी होतं आणि साडेआठचे सहा अँपिअर होतात. सबमर्सिबल पाण्यानेच थंड राहते आणि तिची बेरिंगंही पाण्यावरच चालतात, त्यामुळे करंट कमी दिसत असूनही ती कोरडी फिरून जाते. वरच्या पाइपातून पाणी तुटक यायला लागण्याच्या थोडं आधीच काटा हलायला लागतो. तो तसा हलताना दिसला की लाल बटण दाबावं, बोअरमध्ये पाणी भरायला तास-दोन तास द्यावेत आणि मग पुन्हा लावून काटा साडेआठवर येतो का ते बघावं.